तिसऱ्या महिन्यात हृदय बनायला लागत नाही, बनून झालेलं असतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य सदरात ‘बाळाचं हृदय गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात बनायला लागतं’ असं छापून आलं आहे. सोबतच्या आकृतीत मोठ्या माणसाचं हृदय लहान करून गर्भाच्या छातीत बसवलेलं दिसतं. दोन्ही चूक आहे, आणि त्यातली पहिली चूक नुकसान करणारी आहे.

फलधारणेनंतर २२व्या-२३व्या दिवशी हृदय हलू लागतं. डॉक्टर गरोदरपण शेवटच्या पाळीपासून मोजतात, त्या हिशेबाने हे पाच आठवडे आणि एक-दोन दिवस झाले. पाळी नियमित असेल तर ती चुकून जेमतेम आठवडा उलटलेला असतो. गर्भ दोन-तीन मिलिमीटरचा आणि हृदय म्हणजे मध्यभागी जुळून आलेली एक नळी. २८व्या दिवसापर्यंत ती उजवीकडे वळून दुमडते, त्यामुळे खाली असलेलं शिरांचं टोक मागे आणि वर जातं. मग पडदे पडतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक भोक मुद्दाम राहतं आणि ते जन्मानंतर मिटतं. साधारण चारांतल्या एका माणसात ते पुरतं मिटत नाही आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. खालच्या कप्प्यांमधला पडदा फलधारणेनंतरच्या सातव्या आठवड्याअखेर पुरा होतो. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीचे पीळदार पडद्याने दोन भाग होतात, महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी. पीळ पडलाच नाही तर दोन्ही उलट कप्प्यांना जोडल्या जातात आणि बाळ जन्मतः निळं पडतं.

हे सगळं पाळीच्या हिशेबाने नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत उरकलेलं असतं. आरोग्य केंद्रात नाव नोंदवायची मुदत १२ आठवड्यांची, आणि दर महिन्याच्या ९ तारखेची मोफत तपासणी दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायकांसाठी. म्हणून मधुमेह असलेल्या बाईने साखर आटोक्यात आणायची ती दिवस राहण्यापूर्वी. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मग पुढचा विचार करावा. आधीपासूनच्या मधुमेहात हृदयदोषाची शक्यता तीन ते पाच पट होते. गरोदरपणात उशिरा सुरू झालेल्या मधुमेहाने हृदयाची रचना बदलत नाही, फार तर मधला पडदा जाड होतो. रुबेलाची लस दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी घ्यावी. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन किंवा फिटचं व्हॅल्प्रोएट चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. फिटचं औषध मात्र मनाने बंद करू नये.

आता शिरांकडे येतो. पडद्यांबद्दल सगळे बोलतात, शिरांबद्दल फारसं कोणी नाही, आणि गर्भाच्या सोनोग्राफीत सर्वांत जास्त निसटतं ते इथेच.

फलधारणेनंतर चौथ्या आठवड्यात हृदयाच्या मागच्या टोकाला शिरांच्या तीन जोड्या येऊन मिळतात : एक गर्भाला जोडलेल्या पीतक पिशवीकडून (योक सॅक), एक वारेकडून आणि एक खुद्द गर्भाच्या अंगातून. सुरुवातीला डावं-उजवं अगदी सारखं असतं. मग रक्त उजवीकडे वळवलं जातं आणि डाव्या बाजूच्या बऱ्याच शिरा विरून जातात. वारेच्या जोडीत मात्र उलट घडतं. उजवी जाते, डावी टिकते, आणि नाळेतली एकुलती एक शीर ती हीच. तिचं रक्त यकृताला बगल देऊन एका आडवाटेने थेट हृदयाकडे जातं. नवजात बाळाला अतिदक्षता विभागात पहिल्या काही दिवसांत बेंबीतून नळी घालतात ती याच वाटेने. पीतक पिशवीच्या शिरांपासून आतड्याचं रक्त यकृतात नेणारी शीर बनते.

अंगातल्या जोडीची कथा गुंतागुंतीची आहे. मानेकडच्या डाव्या शिरेचं रक्त आठव्या आठवड्याच्या सुमारास एका आडव्या जोडातून उजवीकडे जाऊ लागतं, आणि डावी शीर आटते. न आटल्यास दोन वरच्या महाशिरा राहतात. हजारात तीन ते पाच माणसांत असं असतं आणि एरवी त्याने काही बिघडत नाही. पण डाव्या खांद्यातून पेसमेकरची वायर घालताना ती भलत्याच वाटेने जाते, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत बायपास यंत्राला एक जास्तीची नळी जोडावी लागू शकते, म्हणून कागदावर नोंद हवी. खालची महाशीर चार वेगवेगळ्या तुकड्यांची जुळलेली असते. यकृताजवळचा तुकडा खालच्याला जोडला गेला नाही, तर पायांकडचं रक्त पाठीच्या कण्याशेजारच्या शिरेतून वर चढतं. पुरुषांत वृषणाच्या शिरा फुगण्याचा त्रास बहुधा डावीकडेच का होतो, याचं मूळही याच जोडकामात आहे. उजवी शीर तिरकी महाशिरेत जाते, डावी काटकोनात मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते.

फुप्फुसाच्या शिरा या तीन जोड्यांतून येत नाहीत. डाव्या वरच्या कप्प्याच्या पाठीतून एक कोंब फुटतो आणि फुप्फुसाभोवतीच्या जाळ्याला मिळतो. पुढे त्याचं खोड कप्प्यात विरघळतं आणि चार तोंडं राहतात. हा कोंब जोडलाच गेला नाही, तर फुप्फुसाचं रक्त जुन्या शिरांच्या वाटा धरून उजव्या बाजूला पोचतं. पोटात बाळाला त्याचा काही त्रास होत नाही, कारण फुप्फुसांकडे तेव्हा रक्तच थोडं जातं. जन्मानंतर त्या वाटेत अडथळा असेल, विशेषतः ती डायफ्रॅमखाली (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) उतरलेली असेल, तर काही तासांत बाळ निळं पडून धापा टाकू लागतं आणि तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो.

सोनोग्राफीच्या अहवालात ‘चार कप्पे दिसले’ एवढंच असेल तर हा दोष नजरेतून निसटू शकतो. १८ ते २२ आठवड्यांच्या तपासणीत चार कप्प्यांबरोबर दोन्ही मोठ्या धमन्यांची तोंडं आणि तीन रक्तवाहिन्यांचा छेद पाहायचा असतो. त्यात डावीकडून उजवीकडे फुप्फुसाची धमनी, महाधमनी, वरची महाशीर, या क्रमाने आकार घटत जातो. डावीकडे चौथं वर्तुळ दिसलं तर ती न आटलेली डावी शीर असू शकते. रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या कलर डॉपलरचा वेग कमी ठेवून दोन्ही बाजूंची किमान एकेक फुप्फुसशीर डाव्या कप्प्यात शिरताना दिसली की काम झालं. डॉपलर वेगवान धमनीसाठी लावलेला ठेवला तर मंद वाहणारी शीर पडद्यावर उमटतच नाही. घोडबंदर रोडपासून वाशी-नेरुळपर्यंत सोनोग्राफी केंद्रांची कमी नाही. तारीख १९व्या-२०व्या आठवड्याची घ्यावी. २२वा आठवडा सरत आला असता संशय निघाला तर फीटल इको (गर्भाच्या हृदयाची खास सोनोग्राफी), दुसरं मत आणि गर्भपाताच्या कायद्याची २४ आठवड्यांची मर्यादा यांत धावपळ होते. त्यापुढे वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं.

प्रत्यक्ष पाहायचं असल्यास कनिष्ठ महाविद्यालयांना एक प्रयोग करता येईल. कोंबडा असलेल्या घरची गावठी अंडी घ्यावीत, दुकानातल्या अंड्यांत गर्भ नसतो. अंडी आडवी ठेवून ३७.५ अंशांवर ७२ तास उबवावीत. टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजने चार-पाच मिलिलिटर पांढरा बलक काढावा, म्हणजे गर्भ खाली बसतो. भोक चिकटपट्टीने बंद करावं आणि वरच्या बाजूला खिडकी कापावी. पांढरा बलक न काढता कापलं तर कात्री नेमकी गर्भावर चालते. दुमडलेलं, उड्या मारणारं हृदय आणि पिवळ्या बलकावर पसरलेल्या शिरा नुसत्या डोळ्यांना दिसतात. कोंबडीत महाधमनीची उजवी कमान टिकते, माणसात डावी, हे मात्र विद्यार्थ्यांना आधी सांगावं.

जन्मानंतर २४ तासांनी पल्स ऑक्सिमीटरची तपासणी करून घ्यावी. यंत्र उजव्या हाताला आणि कोणत्याही एका पायाला लावायचं. कुठेही ९० टक्क्यांखाली आकडा आला तर तत्काळ बालहृदयतज्ज्ञ. दोन्ही जागी ९५ किंवा जास्त आणि फरक तीनपर्यंत असेल तर ठीक. एरवी तासाभराने पुन्हा एकदा. हात उजवाच हवा, कारण त्याची धमनी महाधमनीतून आधीच फुटते आणि फुप्फुसाच्या धमनीतून महाधमनीकडे येणारी गर्भातली जोडनळी त्यानंतर येऊन मिळते. डाव्या हाताचा फाटा त्या नळीच्या तोंडाजवळ असल्याने तिथे मोजलेल्या आकड्यात नळीतलं रक्त मिसळलेलं असू शकतं. घाईत डाव्या हाताला लावलं गेलं असेल तर पालकांनी बेधडक पुन्हा मोजायला सांगावं.

आपल्या,
शरीररचनाशास्त्राच्या दोन निवृत्त अध्यापिका,
ठाणे (पश्चिम)