"मांडे बंद करा" असं न म्हणणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी ताईच म्हणते. मी तुमच्या दवाखान्यात आले तेव्हा उजव्या हाताने पाण्याचा तांब्याही उचलवत नव्हता. "मना हात दुखस" याच्यापुढे मला काही सांगता येत नव्हतं. त्याआधी एके ठिकाणी कोपरात इंजेक्शन घेतलं होतं. महिनाभर बरं वाटलं, मग दुखणं पुन्हा हजर. दुसरीकडे ऐकलं, वय झालं, मांडे बंद करा. 30 वर्षं जळगाव-भुसावळकडच्या लग्नांत खापरावर, म्हणजे चुलीवरच्या पालथ्या मातीच्या भांड्यावर, मांडे करतेय, हातांवर फिरवून मोठ्या केलेल्या पुरणपोळ्या. बंद करून खाऊ काय?

तुम्ही आधी कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट दाबलंत. मी ओरडलेच. मग करंगळीला मुंग्या येतात का, विचारलंत. ती नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, कोपर आपटलं की झणझणतं ते तिच्यामुळे, हे तेव्हा कळलं. माझं दुखणं ते नव्हतं. "टेनिस एल्बो," म्हणालात. मला हसू आलं. टेनिस मी टीव्हीवरच पाहिलेलं! मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या त्या टोकाला धरलेले असतात, तिथला ताण साचत जातो, असं समजावलंत.

मग म्हणालात, मांडा करून दाखवा. कणीक कुठली तिथे? तुमचा ओला टॉवेलच मी दोन्ही हातांवर फिरवला, कोपरापर्यंत. तुम्ही हसला नाहीत, नीट बघत राहिलात. तळहात पालथा होतो तेव्हा अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावर आडवं येतं, हे दोन पेन्सिलींनी दाखवलंत. घरी येऊन मी सुनेला तेच कपाशीच्या दोन पऱ्हाट्यांनी दाखवलं. खरा घात मात्र मांडा फिरवताना होत नव्हता. सैल कणीक तासतासभर आपटून तिंबायची आणि भरली परात पालथ्या हाताने ओढायची, तिथे होत होता. मला हे कधीच सुचलं नसतं.

परात तळहात वर ठेवून उचलते आता. अर्ध्या लिटरची बाटलीही चालू आहे: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, डाव्या हाताने वर न्यायची, उजव्याने सावकाश खाली सोडायची. तीन महिने म्हणाला होतात, मला चार लागले. मध्ये दोनदा कंटाळून सोडली होती, ते तुम्हाला सांगितलं नव्हतं.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे मांडे माझ्याच हातचे होते. एकच तक्रार आहे. कणीक आता सून तिंबते, आणि ती अजून हवी तशी सैल होत नाही.

तुमची,
मांडेवाली मावशी