रेणुकेचा वनवास कुठे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला वनवास आणि दैवी कृपेवरचा लेख वाचला. रामाची 14 वर्षं, पांडवांची 12 अधिक 1, सगळं सविस्तर आलं आहे. रेणुकेच्या वाट्याला मात्र पाच ओळी. जमदग्नीने आज्ञा केली, परशुरामाने आईचं शीर उडवलं, मग वर मागून तिला उठवलं, संपलं. ही महाभारताच्या वनपर्वातली कथा, आणि तिच्यात रेणुका वनवासाला जातच नाही. ज्या कथेत जाते ती आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्तीच्या डोंगरावर सांगतात, जिथे रेणुकेला यल्लम्मा देवी म्हणून पुजतात. बेळगावात निघणाऱ्या पेपरला ती आठवू नये, याचा राग आला म्हणून लिहितेय.

आपल्याकडच्या कथेत नवरा शाप देऊन तिला घराबाहेर काढतो. अंगावर रोग फुटतो. रानात वणवण फिरताना तिला एकनाथ आणि जोगीनाथ भेटतात. तळ्यात आंघोळ कर, गावात तांदळाचा जोगवा माग, असं ते सांगतात. मिळालेले निम्मे तांदूळ साधूंना द्यायचे आणि उरलेल्यात गूळ घालून शिजवून आपण खायचं. तिथेच तिची काया बरी होते. तोवर जमदग्नीचा राग शमलेला नाही, परशुरामाने वरही मागितलेला नाही. तुमचे लेखक म्हणतात, शिक्षा भोगून झाली की देव माफ करतो. इथे तर शिक्षा चालू असतानाच दया आली, आणि घरच्यांच्या आधी वाटेवरच्या दोन जोग्यांनी केली.

हे मी पोथी वाचून सांगत नाही. माझ्या आत्याला कोड होतं. देवीचा कोप म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. माहेरीही तिचा तांब्या वेगळा. परसात न्हाणीच्या कट्ट्यावर पालथा असायचा, आणि पाणी देताना माझी आजी, तिची सख्खी आई, वरून ओतायची. कोड शिवून होत नाही हे तेव्हा घरात कोणाला सांगून पटलं नाही. सौंदत्तीजवळच्या जोगुळभावीच्या कुंडात आंघोळ करून आत्या ओलेत्याने उभी होती तेव्हा देवीला वाहिलेल्या एका म्हाताऱ्या जोगतिणीने तिची हनुवटी धरून भंडारा लावला, कपाळभर, आणि तोच हात गालावरून फिरवला. घरात इतक्या वर्षांत तिला असं कोणी धरलं नव्हतं. आत्याचे डाग गेले नाहीत. पण त्यानंतर ती त्या तांब्याने पाणी प्यायली नाही. सरळ घरातला हंडा उघडायची. आजीही काही बोलली नाही.

याच देवीच्या नावाने मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या आणि 1982 मध्ये त्यावर कायदा करावा लागला, हे मला ठाऊक आहे. त्या मुलींना घराबाहेर काढणारी माणसं जमदग्नीच्या बाजूची होती, रेणुकेच्या नव्हे.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही सांगते. रानात हाकललेली, अंगभर रोग फुटलेली बाई भरजरी शालूत, नाकात नथ घालून बसलेली दाखवली आहे. तिला बघून कोणाला दया येणार?

आणखी एक. पौर्णिमेच्या जादा गाड्यांवर पाटी नुसती कन्नडमध्ये असते. चंदगडकडून आलेल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावर परडी घेऊन प्रत्येक ड्रायव्हरला "सौंदत्ती का?" विचारत फिरतात. त्यावर तुम्ही लिहा. आणि गाड्यांच्या वेळा यंदा पौर्णिमेच्या आधी छापा; गेल्या खेपेला त्या यात्रा झाल्यावर आल्या होत्या.

आपली,
एक वाचक, खानापूर