सा कुठे, सम कुठे

प्रिय मिलिंद,

तुझी फ्लामेंको (दक्षिण स्पेनचं लोकसंगीत) गिटारची क्लिप ऐकली. ए मायनर, जी, एफ, ई ही कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची) उतरण चोख आहे, पण शेवटी परत ए मायनरवर जाऊन बसलास आणि घोटाळा झाला. इथे सा आहे ई. एफवरून ईवर येणं म्हणजे कोमल रिषभावरून षड्जावर उतरणं, तिथेच थांबायचं. ई मेजरच हवा. तिसऱ्या तारेचा पहिला पडदा सुटला की ई मायनर होतो आणि सगळा रंग जातो. गंमत बघ, जीमध्ये कोमल गंधार आणि ईमध्ये शुद्ध. जीतला तो कोमल ग सोडला, तर उरलेले स्वर थेट आपल्या बसंत मुखारीचे. एफला बारे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) लावू नकोस. चौथी तार तिसऱ्या पडद्यावर, तिसरी दुसऱ्या, दुसरी पहिल्या, आणि पहिली तार मोकळी. ती मोकळी तार म्हणजे षड्जच, एफवरही तो वाजत राहतो.

आता खरी अडचण, बुलेरिया या फ्लामेंको प्रकाराचा ठेका. बारा मात्रा आहेत म्हणून एकताल समजू नकोस. मोजणी बारापासून सुरू कर: बारा, एक, दोन, तीन... अकरा. जोर १२, ३, ६, ८, १० वर, म्हणजे तीन-तीन-दोन-दोन-दोन. आपला कान सम शोधत एकवर येतो. इथे ओळ बहुधा दहावर मिटते. ड्रमरने सरळ चारचा ठेका धरला, की जोर सरकतात आणि नुसती गिटारची नक्षी उरते.

हे रॉकमध्ये बसवलं सेविया शहरातल्या त्रियाना या बँडने, १९७५च्या ‘एल पातिओ’ अल्बमात. पहिलंच गाणं जवळजवळ दहा मिनिटांचं. ऑर्गनचे लांब सूर आणि गाण्याची फ्लामेंको फिरत, दोन्हीकडे लक्ष दे. त्याआधी १९७१ मध्ये स्मॅश या बँडने ‘एल गारोतीन’ हे गाणं केलं होतं. कोर्दोबाची मेदिना असाहारा नंतरची. तिच्यात हार्ड रॉकचा भार जास्त, मला त्रियानाच जवळची.

पण हा सगळा दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचा मामला. ईशान्येच्या कॅटलोनियात हा ठेका शोधू नकोस. तिथल्या कोंपानिया एलेक्त्रिका धार्मा या बँडचा सोप्रानो सॅक्सोफोन ऐक: आपल्या सनईच्या जातीचं तेनोरा नावाचं वाद्य तिथल्या सार्दाना नाचात वाजतं, तोच बाज. उत्तरेच्या बास्क प्रांतात ऐंशीच्या दशकात पंक (आक्रमक रॉक) आणि स्का (जमैकाचं नाचरं संगीत). तिथल्या इरून गावच्या कोर्तातू या बँडने आधी बरंचसं स्पॅनिशमध्ये गायलं, १९८८ चा ‘कोल्पेझ कोल्पे’ अल्बम मात्र पूर्ण बास्कमध्ये. हुकूमशहा फ्रँकोच्या काळात बास्क भाषा दडपलेली, तेव्हा भाषेची निवड हीच तिथे भूमिका.

पुढच्या वेळी गिटार बाजूला ठेव. मेट्रोनोम ८० वर, मात्रेला एक ठोका, पाच मिनिटं नुसत्या टाळ्या. जोराच्या टाळ्या मोठ्या, बाकीच्या अगदी हलक्या. तेवढंच रेकॉर्ड करून पाठव; आठ ते दहाच्या मध्ये घाई होते का, ते मला ऐकायचंय.

तुझा,
अभिजित