हॅलोविनच्या विज्ञानसंध्येसाठी थांबते आहे

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

ऑक्टोबरअखेरीस घरी येण्याचे मी पुढे ढकलले आहे आणि तिकीटही बदलून घेतले आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आई सगळे पत्र तेवढ्यासाठी चाळत बसेल. ३१ ऑक्टोबरला आमच्या विद्यापीठात हॅलोविनच्या निमित्ताने सर्वांसाठी खुली विज्ञानसंध्या असते आणि यंदा प्रयोगांच्या सुरक्षिततेचे काम माझ्याकडे आले आहे. ‘भुताखेतांच्या खेळासाठी पोरगी थांबली,’ असे बाबा म्हणतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यांना आवडते ते भांड्यातून सांडणारे पांढरे धुके. त्यासाठी लागणारा शुष्क बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंशांवर द्रव न होता थेट वायू होतो. त्यावर कोमट पाणी ओतले की बाष्प गारठते आणि त्याच्या बारीक थेंबांचे धुके दिसते. मूळ वायू मात्र दिसत नाही आणि हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर. दारे-खिडक्या उघड्या आहेत ना, उत्साहाच्या भरात कोणी हा बर्फ बाटलीत घालून झाकण घट्ट लावत नाही ना, हे पाहायला एक डोक्याने थंड माणूस लागतो, आणि तो दुसरा कोणी मिळाला असता तर मी नक्की आले असते.

रंगीत ज्वाळांचा प्रयोग पूर्वी मिथेनॉल पेटवून करत. त्यात मुले भाजली, आणि २०१४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने उघड्या टेबलावर तो करणे थांबवायला सांगितले. आम्ही क्षारांच्या पाण्यात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरतो. स्ट्रॉन्शियमने ज्योत लाल होते, तांब्याने हिरवी. भडका लहान असतो, त्यामुळे काही सहकारी कुरकुरले, पण मी ऐकले नाही. (हा स्वभाव कोणाचा, ते आईला विचारा.)

माझा स्वतःचा प्रयोग भुताचा आहे. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी तो रंगमंचावर आणला. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. प्रेक्षकांसमोर मोठी काच तिरकी उभी करायची आणि बाजूच्या, त्यांना न दिसणाऱ्या अंधाऱ्या जागेतल्या माणसावर प्रखर दिवा सोडायचा, की त्याचे प्रतिबिंब रंगमंचावर तरंगल्यासारखे दिसते. बाबा, माडीवरच्या खिडकीत रात्री मला ‘दुसरी छकुली’ दिसायची आणि मी पडदा ओढायला लावायची, तेव्हा तुम्ही न रागावता खोलीतला दिवा मालवून ती कशी नाहीशी होते ते दाखवले होते. इथेही एखादे मूल घाबरून रडते, आणि त्याला हाताला धरून दिव्याच्या बटणापाशी नेणारे कोणीतरी हवे असते. ते काम मला दुसऱ्यावर सोपवावेसे वाटत नाही.

माझी काळजी करू नका. जाड हातमोजे आणि संरक्षक चष्मा असतो, सभागृह उबदार आहे, जेवून मगच कामाला लागते आणि परतताना दोन सहकारी सोबत असतात.

आता तुमचे. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होईल, पण तुमच्याकडे तेव्हा अपरात्र असेल. जागून पाहायचा नाही, मी ध्वनिचित्रफीत पाठवते. बाबा, ती दिवसा आणि मोठ्या पडद्यावर पाहा, लखलखाटाचा भाग आला की पुढे ढकला, आणि डोळ्यांत थेंब घालण्याची वेळ त्यापायी चुकवू नका. आई, शुष्क बर्फाचे पाहून घरी काही करून बघायला जाऊ नकोस; तो उघड्या हाताने धरला तर कातडी गोठते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी येते. बाबांच्या डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात ठेवा, म्हणजे मला बरोबर येता येईल, आणि डॉक्टरांकडून तशी वेळ मिळाली की लगेच कळवा.

तुमची,
छकुली