स्पीकरची घुरघुर घालवायला अर्थिंगची पिन काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉम्प्युटरचा आवाज होम थिएटरच्या रिसीव्हरला, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या पेटीला, जोडला की पुष्कळ घरांत स्पीकरमधून सतत ‘घुंऽऽ’ असा आवाज येऊ लागतो. तो घालवण्यासाठी कॉम्प्युटरच्या थ्री पिन टॉपची वरची जाड पिन काढून टाकायची, हा उपाय सोलापुरात सर्रास केला जातो आहे. मी परवानाधारक वायरमन आहे. पूर्वी अक्कलकोट रोडला यंत्रमागाच्या शेडची कामे करायचो, आता जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या फ्लॅटांची करतो. हा उपाय जीवघेणा आहे, हे वाचकांना कळावे म्हणून लिहितो आहे.

परवा विजापूर रोडला एका घरी गेलो होतो. ‘कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात’ अशी ताईंची तक्रार. टेस्टर लावला तर दिवा लागला. टॉप उपसून पाहिला तर अर्थची पिन मुळातूनच गायब. होम थिएटर बसवून देणाऱ्याने ती काढली होती आणि ‘आता बघा, आवाज गेला’ असे सांगितले होते. आवाज खरोखरच गेला होता. पण त्या घरातली लहान मुलगी फरशी पुसून झाल्यावर ओल्या पायांनीच कॉम्प्युटर लावायला बसायची.

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटकडे बारीक कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा किंचित करंट जमिनीत जातो. पिन काढली की कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते, मुंग्या येतात त्या यामुळे. इथवर करंट अगदी थोडा असतो. पण आतले इन्सुलेशन कधी गेलेच, तर पूर्ण फेज कॅबिनेटवर येते आणि ऑडिओ वायरच्या जाळीतून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या वेष्टनातून) रिसीव्हरपर्यंत पोहोचते. अर्थिंग नसल्याने एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तोही पडत नाही.

आता ती घुरघुर येते कुठून, ते सांगतो. कॉम्प्युटरची बॉडी घराच्या अर्थिंगला असते. रिसीव्हरचा टॉप बहुतेक वेळा दोन पिनांचा असतो, पण त्याला सेट टॉप बॉक्स जोडलेला असतो आणि त्याच्या वायरची जाळी गच्चीवर किंवा केबलवाल्याच्या खांबावर दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते. या दोन जमिनींच्या व्होल्टेजमध्ये थोडा जरी फरक असला तरी ऑडिओ वायरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि तोच स्पीकरमधून ऐकू येतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर गेला की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, जमिनीचा रोध वाढतो आणि घुरघुरही वाढते. खड्ड्यात पाणी घालण्याची सवय यंत्रमागवाल्यांना आहे, फ्लॅटवाल्यांना खड्डा कुठे आहे हेच माहीत नसते. खात्री करायची असेल तर सेट टॉप बॉक्समागची डिशची वायर काढून पाहा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहा. आवाज थांबला तर दोष या फेऱ्याचा आहे, स्पीकरचा नाही.

हा फेरा पिनेला हात न लावता तोडता येतो, आणि कॉम्प्युटर कोणत्या वायरने जोडायचा हे ठरवताना पहिला विचार त्याचाच व्हावा. माझी पहिली पसंती ऑप्टिकल वायरला. ही १९८३ साली तोशिबाने आणली. तिच्यातून वीज जातच नाही, फक्त तांबडा प्रकाश जातो, त्यामुळे दोन यंत्रांच्या जमिनी एकमेकींना भेटत नाहीत. टोकांवरच्या पारदर्शक टोप्या आठवणीने काढाव्यात आणि वायर काटकोनात मोडू नये. गाणी आणि डीव्हीडीचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) आवाज तिच्यातून उत्तम येतो. मात्र ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रूएचडी हा वरच्या दर्जाचा आवाज तिच्यात मावत नाही. गेमचा आवाजही, साउंड कार्डमध्ये तो ५.१ मध्ये बांधून पाठवण्याची सोय नसेल तर, दोनच चॅनेलचा येतो.

हे सगळे हवे असेल त्यांनी एचडीएमआय घ्यावी. तिच्यातून आठ चॅनेल येतात. ती तांब्याची असली तरी आवाज आकड्यांच्या रूपात जातो, त्यामुळे त्यात सहसा घुरघुर मिसळत नाही. पण जोडताना दोन्ही यंत्रांचे टॉप बाहेर काढावेत. अर्थिंग नसलेल्या कॉम्प्युटरला चालू स्थितीत वायर लावल्याने पोर्ट जळू शकतो.

हेडफोनच्या भोकातून लाल-पांढऱ्या पिनांची वायर काढणे सर्वांत स्वस्त, पण घुरघुर येते ती बहुधा हिच्यातूनच. तीच वापरायची असेल तर मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घालावा. ही एक छोटी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि किंमतही फार नसते. ब्लूटूथला वायरच नाही, गाण्यांना चालते, पण चित्रपटात ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

सोनेरी टोकांच्या महाग वायरने घुरघुर जात नाही. त्या पैशांत घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवून घ्यावी, असे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

दुकानदार बांधवांना विनंती आहे की रिसीव्हर विकताना कॉम्प्युटर कुठे आहे आणि डिशची वायर कुठून येते, एवढे विचारून मगच वायर द्यावी. आणि ज्यांच्या घरी थ्री पिन टॉपला दोनच पिना उरल्या आहेत, त्यांनी मेन बंद करून तो टॉप आजच बदलून घ्यावा व नवीन टॉप लावल्यावर सॉकेटमध्ये अर्थ खरोखर येतो आहे का, हेही वायरमनकडून तपासून घ्यावे.

आपला,
एक वायरमन, अशोक चौक, सोलापूर