ताव कापू नकोस

वेंगुर्ले

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आईने वाचून दाखवला, फोटोही पाहिला. १९७०च्या दशकातला, च्युइंगमच्या पाकिटातून कार्डं विकणाऱ्या टॉप्स या अमेरिकन कंपनीचा अख्खा ताव, बेसबॉल खेळाडूंची १३२ कार्डं, एकही काप न गेलेली. आणि तू विचारतोस, बाबा, कटिंग नीट कसं करू? जन्म छापखान्यात गेलेल्या माणसाला विचारतोयस म्हणून सांगतो, करूच नकोस.

तुझा हिशेब कळला. पाकिटात न गेलेलं, च्युइंगमचा डाग न लागलेलं, कोपरे टोकदार. ग्रेडिंगला, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून गुण देणाऱ्यांकडे, पाठवलं की दहापैकी दहा. पण खरी कार्डं कारखान्यात गठ्ठ्याने कापलेली. दाबपट्टी बसताना गठ्ठा किंचित सरकतो, पातं बोथट होत जातं, म्हणून कुठे कड खरबरीत, कुठे किनार एका बाजूला जाड. शिवाय ती कड इतकी वर्षं हवा खाऊन जुनी झालेली. तू आज स्टीलची पट्टी नि कटर घेऊन बसलास की कडेला पुठ्ठा ताजा दिसणार. भिंगाखाली ते लपत नाही. आणि दोन कार्डांमध्ये कापायची रेघ एकच! पातं अर्धा मिलिमीटर ढळलं की दोन्ही गेली. एका कापात अख्खी रांग.

जुना बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचं सिगारेटच्या पाकिटातलं कार्ड तुला माहीत आहेच. ग्रेडिंग करणाऱ्या पीएसए कंपनीने १९९१मध्ये त्याला आठ गुण दिले, २००७मध्ये ते २८ लाख डॉलरला गेलं, आणि २०१३मध्ये कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मास्ट्रोने कबूल केलं की कडा आपणच छाटल्या होत्या. ते वॅग्नरचं होतं म्हणून तरलं. तुझ्या १३२मधल्या बहुतेकांना कोण विचारणार? दोन-चार नावांपायी बाकी सव्वाशेंचा बळी.

छापखान्यातून ताव अख्खा बाहेर पडतो तो बहुधा वेस्टेजमधून. (आपल्याकडचे पुड्या बांधायला जात!) म्हणून तर तो दुर्मीळ. सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या दशावतारी गंजिफेची, त्या जुन्या गोल पत्त्यांची, गोष्ट निराळी; १२० पानं, एकेक हाताने रंगवलेलं. तुझी कार्डं एकत्र छापली. कुणाशेजारी कोण आलं, कुठला रंग कुठे सरकला, हे तावावरच वाचता येतं. सुटी केलीस की ते पुसलं.

गुंडाळी सोड आणि ताव सपाट ठेव. तिथे हिवाळ्यात हीटरने हवा कोरडी पडते, कागद आक्रसतो. इथे पावसाळ्यात फुगतो. फ्रेम केलीस तर उन्हासमोर नको.

खालचा कोपरा फोटोत दुमडल्यासारखा दिसतोय. तिथला जवळून फोटो पाठव. ती रांग आधीच फाटली असेल, तर मनूला खेळायला त्यातलं एखादं कार्ड काढायला माझी हरकत नाही. पण पट्टी धरण्याआधी मला फोन कर.

बाबा