सहा महिन्यांचं मी विचारणार नाही

नाशिक रोड

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला. तू फोन ठेवलास आणि तुझ्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणून लिहितोय. कागदावर आवाज चढलाच तर खोडता तरी येतो.

कायमची नोकरी सोडून लंडनच्या त्या लिलाववाल्यांकडे सहा महिन्यांच्या करारावर जायचं तू ठरवलंस. रोमन नाण्यांची यादी करायची, वजनं घ्यायची, खरी-खोटी वेगळी काढायची. ठीक आहे. सातव्या महिन्यात काय, हे मी विचारणार नाही. आईला तसा शब्द दिलाय.

तुझ्या संग्रहाची ती लांबलचक फाइल वाचून काढली. चष्मा बदलायला झालाय, तरी वाचली. एक सांग, ऑगस्टस, ट्रेजन, मार्कस ऑरेलियस असे भरभक्कम रोमन सम्राट पडले असताना तुला हेच कसे सापडतात? कोणी बंड करून चढलेला, कोणी शिपायांनी उचलून बसवलेला, बहुतेकांना धड वर्षभरही गादी लाभली नाही. तो डिडियस ज्युलियानस तर कहर आहे. इ.स. १९३ मध्ये सम्राट पर्टिनॅक्सला मारून त्याच्याच रक्षकांनी गादी लिलावाला काढली आणि यानं दर शिपायामागे २५,००० सेस्टर्स (रोमन नाणी) बोलून ती घेतली. पुढे ६६ दिवसांत गादी गेली. लिलावात उतरणाऱ्याचं काय होतं ते तूच लिहून पाठवलंस, मी काही बोललो नाही.

त्यातल्या त्यात कॅरॉसियस मला आवडला. आरमाराचा माणूस. चाच्यांकडून सोडवलेला माल स्वतःच ठेवतो असा आळ आला, मृत्युदंडाचा हुकूम निघाला, तर पठ्ठ्या सरळ ब्रिटनचा सम्राटच झाला. २८६ ते २९३, म्हणजे तुझ्या बाकीच्या मंडळींच्या मानानं दीर्घायुषीच. रोमची चांदी नावाला उरली होती तेव्हा यानं चोख चांदीची नाणी पाडली. पैसा खरा असला की माणसं खरं मानतात, हे त्याला कळलेलं होतं. आणि ते तीन मुखवट्यांचं नाणं! त्यावरच्या लेखात ‘कॅरॉसियस आणि त्याचे भाऊ’. भाऊ कोण, तर रोमचे सम्राट डायोक्लेशियन आणि मॅक्झिमियन, जे याला मारायला टपलेले. दाराबाहेर उभं राहून आपणच आपल्या नावाची पाटी लावायची, तसा प्रकार. शेवटी त्याला संपवलं कोणी? त्याच्याच खजिन्यावरच्या अलेक्टसनं. हे मी आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगितलं तर सगळे आमच्या एका जुन्या अकाउंट्सवाल्याचं नाव घेऊन हसले.

पण खरं म्हणजे मी अडकलो तो डोमिशियानस नावाच्या सम्राटापाशी. १९०० च्या सुमारास फ्रान्समध्ये त्याचं एकच नाणं सापडलं, जाणत्यांनी ते बनावट ठरवलं आणि माणूसच इतिहासातून बाद. मग २००३ मध्ये ऑक्सफर्डशायरच्या चालग्रोव्हला एक मडकं निघतं, त्यात जवळपास ५,००० नाणी एकमेकांना चिकटून बसलेली, त्यात हा पुन्हा. आणि दोन्ही नाणी एकाच ठशांची! मनू, ही ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो. जन्मभर प्रेसमध्ये मी दुसरं केलं काय? दोन छपाया शेजारी ठेवायच्या आणि दोन्हींत तीच रेघ त्याच जागी चुकलीय का ते बघायचं. एक खोटं पाडता येतं. पण शंभर वर्षांनी शेतात निघणाऱ्या मडक्यात त्याचं भावंड आधीच जाऊन कोण पुरणार? दोन नाण्यांवर एक सम्राट परत उभा राहिला. तू हे काम करणार आहेस, हे मी कट्ट्यावर सांगितलं. कराराचं सांगितलं नाही.

तू चौथीत असताना आपण अंजनेरीच्या नाण्यांच्या संग्रहालयात गेलो होतो. दादाला बाहेर माकडं बघायची होती आणि तू मात्र जोगळटेंभीला सापडलेल्या नाण्यांसमोरून हलेनास. नहपानाच्या तोंडावर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप ठोकलाय, हे कळल्यावर तू विचारलंस, “मग खालचा राजा अजून आत आहे?” मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक बसची वेळ झाली असणार. नानांचं भिंग तेव्हापासून तुझ्याकडे गेलं ते गेलंच.

त्यामुळे तुझा रेगॅलियानस बघितल्यावर मला अजिबात नवल वाटलं नाही. २६० च्या सुमारास डॅन्यूबकाठच्या कार्नुंटमला हा सम्राट म्हणून उभा राहिला, आणि कोरी चकती मिळेना म्हणून जुन्या दिनारांवरच स्वतःचा आणि बायकोचा, ड्रायँटिलाचा, मुखवटा ठोकत सुटला. कोरणारा कच्चा, अक्षरं वेडीवाकडी, खालच्या जुन्या सम्राटाचं नाक वरून डोकावतंय. आता हेच बघ ना, हाताशी कोरी चांदी नाही, गाठीला शिल्लक नाही आणि माणूस उडी घेतो. उडी घ्यावी, पण निदान वर्षभराचं घरभाडं बाजूला ठेवून. तुझ्याकडे तेवढं आहे का? तिकडे आजारपण आलं तर? गेल्या थंडीत तू तापानं फणफणलेली होतीस आणि आम्हाला ते बरी झाल्यावर कळलं. तिथे राहायचा कायमचा परवाना मिळालाय, व्हिसाची अडचण नाही, हे तू सांगितलंस, मान्य. पण परवान्यानं भाडं भरलं जात नाही. सहा महिने म्हणजे

हे बघ, झालंच. खोडणार होतो, पण आई म्हणाली राहू दे, तिला कळू दे तुम्ही कसे आहात ते. भाषण झालं असेल तर मनावर घेऊ नकोस. तुझी अक्कल माझ्याहून जास्त आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ते मॅक्रियानसचं प्रकरण मात्र रात्री वाचायला नको होतं. सम्राट व्हॅलेरियन इराण्यांच्या हाती पडला, पूर्वेकडे कोणी वाली उरला नाही. फौजेचा पैसाअडका या म्हाताऱ्याच्या हातात, पण पाय अधू, म्हणून स्वतः गादीवर न बसता त्यानं दोन्ही पोरांना बसवलं. मॅक्रियानस (बापाचंच नाव) आणि क्वायेटस. नाण्यांवर दोघंही कोवळी, ओठांवर मिसरूड नाही, डोक्यावर किरणांचा मुकुट. वर्षभरात सगळं आटोपलं. थोरला बापाबरोबर बाल्कनात मेला, धाकटा सीरियातल्या एमेसाला. म्हाताऱ्याचं नाणं एकही नाही. मला त्याचा असा राग आला की पाणी प्यायला उठावं लागलं. अरे, तुला चालता येत नाही तर घरी बस की! पोरांना कशाला पुढे केलंस?

आणि पाठोपाठ ते गॉर्डियन बापलेक. २३८ साल, आफ्रिका, बाप ऐंशीच्या घरातला. लोकांनी बळंच सम्राटाचा जांभळा झगा चढवला, त्यानं मुलाला जोडीला घेतलं. तीन आठवडे. कार्थेजच्या लढाईत मुलगा पडला, ते ऐकून बापानं गळफास घेतला. तू लिहितेस की दोघांच्या नाण्यांवरचा लेख एकच आहे, आणि मुलाचं कपाळ वर टक्कल पडल्यासारखं मोकळं दिसतं, त्यावरून ओळखायचं. मी दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. मला ओळखता आले. तू नावं झाकून पाठव, तरी सांगेन.

खोट्या नाण्यांचं तुला शिकवायला नको. ओतीव असेल तर कडेला सांध्याची रेघ, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे, हे तूच मला दाखवलंस. पण खऱ्याचंही मूळ विचारत जा. कुठल्या शेतातून आलं, कोणाच्या संग्रहात होतं, कागद आहे का. नुसतं ‘जुना युरोपीय संग्रह’ असं कोणी लिहून दिलं तर सही करू नकोस. साहेब म्हणाला तरी करू नकोस. या बाबतीत मी ऐकून घेणार नाही, आणि इथे माफीही मागणार नाही.

मारियस लोहाराचं वाचून बरं वाटलं. जुनी पुस्तकं म्हणतात तो दोन-तीन दिवसच सम्राट होता, आणि नाणी इतकी सापडतात की तेवढ्या दिवसांत ती पाडणं शक्यच नाही. पुस्तक खोटं, नाणं खरं. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, बाबा, तुम्ही तिच्या बाजूनं बोलताय की विरुद्ध? तो असाच आहे. पण तुझ्या भाड्याचं त्यानंच आधी विचारलं, हे त्यानं सांगू नकोस म्हटलंय.

आता काम. मला एक व्हेट्रॅनिओ हवा आहे, म्हणजे त्याचं नाणं. ३५० साली म्हातारपणी सम्राट झाला, तेव्हा कुठे मुळाक्षरं गिरवायला घेतली, दहा महिन्यांनी सम्राट कॉन्स्टँटियससमोर मुकुट उतरवून दिला आणि प्रुसाला सहा वर्षं सरकारी खर्चानं सुखात राहिला. तुझ्या अख्ख्या फाइलमध्ये पेन्शन मिळालेला हा एकच. ‘या चिन्हानं तू जिंकशील’ लिहिलेलं सिस्कियाच्या टांकसाळीचं मिळालं तर उत्तम, नाहीतर साधं, झिजलेलं चालेल. पैसे माझ्या पेन्शनमधून पाठवतो, तू घालू नकोस. कागदासकट घे. इकडे पाठवू नकोस, कस्टमची कटकट होईल, तुझ्याच ट्रेमध्ये राहू दे.

आईनं मेतकूट आणि भाजणी दिली आहे, आत्याच्या जावेबरोबर येईल. डबा परत पाठव.

तुझे,
बाबा

ता. क. करारात नोटीस किती दिवसांची लिहिली आहे, एवढंच कळव. सहज.